बारा सुया आणि एक उरलेला टाका

मिलिमीटरचा दहावा भाग म्हणजे नेमका किती, हे मला आजही कागदावर काढून दाखवता येणार नाही. माझ्या बोटाला विचारा, ते सांगेल. भरतकाम केलेल्या काठावरून बोट फिरवताना ते जिथे बारीकसं अडखळतं, तिथे. आमच्या धंद्यात सगळं त्या मापात चालायचं, आणि सातवीतून शाळा सोडलेला मी जन्मभर त्या मापाला भिऊन राहिलो. भीतीबद्दल तक्रार नाही. तिनेच मला कामावर टिकवलं.

मी हिंगोलीकडच्या एका खेड्यातला. मावसभाऊ उल्हासनगरात फर्निचरला पॉलिश करायचा, त्याच्या मागे मागे आलो. राहायला अंबरनाथ पूर्वेला, पालेगावच्या बाजूला एक खोली होती. गावी कळवलं होतं की कंपनीत लागलो. कंपनी म्हणजे उल्हासनगरच्या एका बराकीमागे पत्रे टाकून केलेला लांबोडका गाळा आणि आत एकच मशीन.

पण ते मशीन! जपानी, कॉम्प्युटरवर चालणारं, बारा डोक्यांचं. खोलीभर लांब टेबलावर ओळीने बारा शिलाई-मशीनची नुसती डोकी बसवल्यासारखं दिसायचं. बटण दाबलं की बारा सुया एकदम खाली, बारा सुया एकदम वर. जे फूल पहिल्या डोक्याखाली उमलायचं तेच बाराव्याखाली, त्याच क्षणी, तेवढंच. पहिल्या दिवशी मी चपला बाहेर काढून आत गेलो होतो.

आमचे मालक लछमनदास, म्हणजे सगळ्यांचे लछूसेठ. त्यांनी मला ठेवून घेताना शाळेबद्दल काही विचारलं नाही. म्हणाले, हात दाखव. दाखवले.

"काँपता है क्या?"

"नाही सेठ."

"अभी तो काँप रहा है."

"ते तुमच्यामुळे."

हसले, आणि मला मशीनवर घेतलं. त्या हसण्याचं ऋण माझ्याकडून फिटलेलं नाही. मी घाबरट असल्यामुळे मशीन सुरू करण्याआधी बाराही सुयांतले दोरे ओढून बघायचो, मग पुन्हा पहिल्यापासून. सेठ गल्ल्यावरून ओरडायचे, "अडे गंगा, मशीन चलाएगा कि आरती उतारेगा?"

बाहेरच्या माणसाला वाटतं सुई फिरते आणि नक्षी काढते. सुई जागची हलत नाही. ती बिचारी फक्त खालीवर करते. हलतं ते कापड. कापड एका लांब लोखंडी फ्रेमवर ताणून बसवलेलं असतं आणि त्या फ्रेमला नाचवते एक कागदी टेप, बोटभर रुंद, भोकं भोकं पाडलेली. त्या भोकांमध्ये हुकूम लिहिलेले असतात: उजवीकडे एवढं सरक, वर एवढं सरक, टाका घाल. पुन्हा सरक, पुन्हा टाका. मध्येच कुठे तरी, रंग बदल. शेवटी, थांब. आता ज्याला जो तो सॉफ्टवेअर म्हणतो, ते मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं ते असं, गुंडाळी करून खिळ्याला टांगलेलं.

ते बनवायच्या नीलिमाताई. बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायच्या, चित्रकलेचा डिप्लोमा होता, आणि उल्हासनगरातल्या दोन-चार गाळ्यांसाठी 'पंचिंग' करायच्या. म्हणजे आधी नक्षी सहापट मोठी करून कागदावर काढायची, मग प्रत्येक टाका जिथे पडायला हवा तिथे टिंब देऊन ते कॉम्प्युटरला सांगायचं, मग कॉम्प्युटर टेपला भोकं पाडणार. एका मोराला हजारो टिंबं. ताई पान खाल्ल्यासारख्या गालात पेन्सिल धरून बसायच्या आणि एकही टिंब गाळायच्या नाहीत. माझी शाळा तिथेच कुठे तरी पुन्हा सुरू झाली म्हणा ना. मी विचारायचो, त्या सांगायच्या. कधी म्हणाल्या नाहीत, तुला काय करायचंय.

छोटी चूक मोठी कशी होते याचा पहिला धडा आम्हाला पोपटांनी दिला. पडद्याच्या कापडावर पोपट काढायचे होते. हिरवं अंग, काळा डोळा, लाल चोच. टेपमध्ये डोळ्याच्या आधीचा 'रंग बदल' हा एक हुकूम राहून गेला. बाकी सगळं जागच्या जागी. मशीन चाललं, पोपट निघाले, ओळीच्या ओळी. डोळे होते, अगदी गोल, रेखीव, पण हिरव्यावर हिरवे.

सेठ कापडाच्या ताग्याजवळ उभे राहिले. "गंगा, ये सब सो रहे हैं क्या?"

मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. कल्याणचा पडद्यांचा व्यापारी माल बघायला आला. त्याने तागा उलगडला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "बेडरूम में चलेंगे. रात को कौन सा तोता जागता है?" घेऊन गेला की! पण सेठनी त्या दिवसापासून नियम केला: कोणतीही नवीन टेप आली की आधी चिंधीवर ट्रायल. दोरा वाया जाऊ नये म्हणून ट्रायल एकाच डोक्यावर, बाकीची अकरा बंद. आसपासच्या सगळ्या गाळ्यांत तशीच पद्धत होती. काटकसर आमच्या अंगवळणी होती, आणि त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. दिसायला हवं होतं ते पुढे दिसलं.

आमच्या पुढच्या बराकीत सावित्रीअम्मां राहायच्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं ज्या बराकींत उतरली, त्यांतलीच ती एक. अम्मांची आमच्याशी ओळख भांडणातून झालेली. दर दोन दिवसांनी दारात येऊन म्हणायच्या, "लछू, तेरी मशीन मेरे दाँत हिलाती है."

सेठ म्हणायचे, "अम्मां, दाँत बचे कितने हैं?"

"जो बचे हैं, वही हिलते हैं."

एकदा त्या भांडायला आल्या नाहीत. काखेत गाठोडं घेऊन आल्या. आत लाल रेशमाची ओढणी होती, कोरी, आणि सोबत वीतभर जुना तुकडा, विटलेला, त्यावर हाताने भरलेली वेल. तुकडा त्यांच्या आईच्या ओढणीचा. कोरी ओढणी आईने यांच्या लग्नासाठी घेतलेली. त्यावर ती वेल भरणार होती, तेवढ्यात गाव सोडायची वेळ आली. आई वाटेतच गेली. अम्मांचं लग्न इथे निर्वासितांच्या कॅम्पात झालं, कुणाच्या तरी उसन्या ओढणीवर. ही कोरी तेव्हापासून पेटीत. आता नातीचं, कविताचं लग्न ठरलं होतं.

"मैं बैठी थी भरने," अम्मां म्हणाल्या, "पर सुई में धागा जाता नहीं, दो-दो दिखती हैं." मग मशीनकडे हनुवटी करून, "इसको बारा आँखें हैं. इससे करवाओ."

ताईंनी तो तुकडा दोन्ही हातांवर घेतला. बराच वेळ बघितला. वेलीला एका बाजूला बारीक काटे होते, टोकदार. ताईंनी वेल तशीच्या तशी उतरवून टेप केली, आम्ही चिंधीवर काढून दाखवली. अम्मांनी बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण म्हणाल्या, "काँटे निकाल दो, बेटी. मेरी माँ कड़क औरत थी, उसको काँटे अच्छे लगते थे. मेरी कविता नरम है. शादी में काँटा क्यों?"

काटे काढणं हे काही काम नव्हे. काटा म्हणजे काय, वेलीच्या देठापासून वर जायचं आणि परत देठावर यायचं. ताईंनी कॉम्प्युटरवर काट्यांचे टाके पुसले, नवी टेप पाडली. नियमाप्रमाणे एका डोक्यावर ट्रायल झाली. वेल सुरेख आली. अम्मां खूश, सेठ खूश.

मग ओढणी चढवली. मी आणि सेठ, दोघांनी मिळून. आधीच जुनं रेशीम, त्यात अम्मांच्या आईने घेतलेलं. मी श्वास सुद्धा बाजूला तोंड करून घेत होतो. ओढणी टेबलभर लांब ताणली की काठाचा एकेक तुकडा एकेका डोक्याच्या वाट्याला येतो. प्रत्येक सुई आपल्या वाट्याची वेल डावीकडून उजवीकडे भरत जाते आणि शेजारणीने जिथे सुरुवात केली तिथे जाऊन पोचते. बारा वेलींची एक वेल होते. बघणाऱ्याला जोड सापडत नाही.

मी बटण दाबलं. वेल चालली. पानं आली, कळ्या आल्या. मी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होतो आणि सगळं मनासारखं होतं. शेवटचे टाके पडले, मशीन थांबलं, मी पहिल्या जोडाशी वाकलो.

जोड जुळला नव्हता. पहिल्या सुईची वेल दुसरीच्या सुरुवातीपाशी पोचली होती, पण किंचित खाली. तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी. दुसऱ्या जोडाशी धावलो. तसंच. तिसऱ्याशी तसंच. वेल दर वितीवर मोडली होती, सगळीकडे सारखी, सगळीकडे एकाच क्षणी. शेवटच्या टाक्यापर्यंत ती चूक कुठेच नव्हती आणि शेवटच्या टाक्याला ती सगळीकडे होती. मला आठवतं, मी आ वासून बघत राहिलो होतो. इतकी शिस्तीत केलेली चूक मी पाहिली नव्हती.

उसवायचा प्रश्नच नव्हता. त्या रेशमात एकदा भोक पडलं की पडलं.

सेठनी कपाळाला हात लावला. "उतार कपड़ा. अंदर रख. अम्मां को बोलेंगे कल."

"हात लावू नका," कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपासून उठत ताई म्हणाल्या. एवढ्या मोठ्याने त्या कधी बोलल्या नव्हत्या. "फ्रेम हलवायची नाही. गंगाधर, कुणाला टेबलाला टेकूसुद्धा देऊ नकोस."

त्यांनी काट्यांची जुनी टेप आणि बिनकाट्यांची नवी, दोन्ही जमिनीवर शेजारी शेजारी अंथरल्या आणि गुडघे टेकून भोकांवरून अंगठा सरकवत निघाल्या. देवळात लोटांगण घालणारं माणूस जाईल, तशा. सेठ येरझाऱ्या घालतात, मी फ्रेमपाशी दोन्ही हात पसरून उभा, आणि ताई भोकं वाचतायत. मला तर ती पोथीच वाटत होती. बऱ्याच वेळाने त्या उठून बसल्या.

"माझी चूक आहे, सेठ."

मग मला समजावून सांगितलं, कारण मी विचारणारच हे त्यांना ठाऊक होतं. काट्याला वर जाताना एक टाका, परत येताना दोन. एक मोठा आणि मग दोरा पक्का बसावा म्हणून एक इवलासा. पुसताना त्यांनी वर जाणारा पुसला, परत येणारा मोठा पुसला. इवलासा राहिला. दर काट्यामागे एक. प्रत्येक उरलेल्या टाक्याने वेल केसभर खाली ओढली, आणि काटे सगळे एकाच बाजूला होते.

"पण ट्रायल बरोबर आली होती की, ताई."

"एकटी वेल कुणाच्या तुलनेत खाली आहे ते कसं कळणार? शेजारी दुसरी लागते." त्यांनी चष्मा पुसला. "मशीनला आपण कुठे आहोत ते कधीच माहीत नसतं रे. मागच्या टाक्यापासून किती सरकायचं, एवढंच त्याला कळतं. त्याच्या मते तर प्रत्येक टाका बरोबरच पडला."

हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. एवढं मोठं, विदेशातून आलेलं मशीन, आणि त्याला आपण कुठे आहोत ते माहीत नाही! मीही गावाहून असाच निघालो होतो. आधी परभणी, मग कल्याण, मग उल्हासनगर. दर वेळी थोडंसंच तर सरकलो होतो.

तेवढ्यात दारात सावली पडली. अम्मां.

"मशीन चुप क्यों है?"

दात हलवतं म्हणून भांडणारी बाई ते गप्प झालं म्हणून आली होती. सेठ, जे बाजारात कुणाचं ऐकत नसत, ते माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले. सांगितलं ते ताईंनीच. काही झाकलं नाही. अम्मांनी चष्मा चढवला आणि एकेका मोडल्या जागेशी थांबत, टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या. मी मनात म्हणत होतो, ओरडा, अम्मां, शिव्या द्या, पण बोला.

सेठ कसेबसे म्हणाले, "अम्मां, नई ओढनी देता हूँ. बनारस की. जो बोलो वो."

"बनारस में मेरी माँ बैठी है?" अम्मां म्हणाल्या. मग ताईंकडे वळल्या. "काँटा निकाला, तो बेल टूट गई?"

"हो, अम्मां."

"हर जगह?"

"हर जगह."

अम्मांनी जुना तुकडा काढून डोळ्यांशी नेला, पुन्हा ओढणीकडे बघितलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होत्या. "देखो इस औरत को," त्या तुकड्याला म्हणाल्या, "मर गई, पर अपनी बात नहीं छोड़ी." मग बोट मोडल्या जागेवर ठेवलं. "जहाँ टूटी है, वहाँ काँटा डाल दो. बस उतने ही."

ताई बघतच राहिल्या. पायरी पडली होती दाण्याएवढी. तिच्यावरून वर गेलेला काटा ती पायरी आपल्या बुंध्यात घेऊन टाकणार होता. आणि सुया होत्या कुठे? शेवटचा टाका घालून थांबल्या होत्या तिथेच, बरोबर जोडांवर. म्हणून तर ताईंनी फ्रेमला हात लावू दिला नव्हता. फ्रेम एकदा हलली असती तर मशीनला ती जागा पुन्हा शोधून काढता आली नसती.

काट्याची टेप ताईंनी तिथेच करायला घेतली, आणि नेमकी वीज गेली. तेव्हा ती कधीही जायची. गाळ्यात उकाडा, पत्रे तापलेले. मी फ्रेमजवळचा हललो नाही. कुणी जवळ आलं की "लांबून, लांबून" म्हणायचो. अम्मां स्टूल घेऊन माझ्याशेजारी बसल्या आणि पदराने आधी स्वतःला, मग मला वारा घालू लागल्या.

"तेरी माँ है, पुट?" पुट म्हणजे त्यांच्या सिंधीत मुलगा.

"आहे. गावाला."

"चिट्ठी डालता है?"

"टाकतो." खरं तर कमी टाकायचो.

"डाला कर," एवढंच म्हणाल्या.

वीज आली. या वेळी ट्रायल एका डोक्यावर घ्यायची कुणाची छाती नव्हती. पण पूर्ण ट्रायल घ्यायची तर ओढणी उतरवावी लागणार. ताईंनी ओढणीवर पातळ कागद ठेवला, सगळ्या सुयांतले दोरे काढायला लावले आणि चाक हाताने फिरवून सुया कागदाला जेमतेम टेकतील एवढ्याच खाली आणल्या. एकेक टाका तसाच, हाताने. कागदावर टोचे उमटले; बाराही डोक्यांखाली सारखे, आणि शेवटचा बरोबर पहिल्यावर. फ्रेम निघाली होती तिथेच परत आली होती. "जाऊन येऊन बाकी शून्य," ताई म्हणाल्या. मग मी दोरे ओवले, पुन्हा पुन्हा ओढून बघितले. आरतीबद्दल सेठ काही बोलले नाहीत.

बाराव्या सुईच्या पुढे शेजारीण नव्हती, तिथे जोडायला काही नव्हतं. सेठ म्हणाले, आखिरी वाली बंद कर. अम्मां म्हणाल्या, "चलने दे. वो माँ का है."

मी बटण दाबलं. काही टाक्यांचा तर खेळ. सुया थांबल्या आणि वेल अखंड होती. मी पहिल्या जोडावरून बोट फिरवलं. अडखळलं नाही.

दुसरा काठ राहिला होता. त्याला कोणती टेप लावायची? ताईंनी तीच चुकलेली टेप लावली, तोच उरलेला टाका, तीच मोडलेली वेल, तेच काटे, नाही तर दोन काठ एकमेकांचे दिसले नसते. एक चूक पुन्हा जशीच्या तशी, मन लावून करणारी माणसं मी तेवढी एकदाच पाहिली. पुढे नियम बदलला: ट्रायल सगळ्या डोक्यांवर. दोरा गेला तर गेला.

आता तो गाळा नाही, टेपही नाहीत. नवी मशीनं जोड स्वतः तपासतात म्हणे. तपासत असतील. तपासायचं असतं हे त्यांना ज्यांनी सांगितलं, त्यांच्या हातून आधी कुठल्या तरी ओढण्या गेल्या असणार, एवढं मला कळतं. नीलिमाताईंनी मला पुढे टिंबं द्यायला शिकवलं, आणि त्याच भाकरीवर माझी मुलं शिकली. त्या वेळी मी घरी पत्रही टाकलं होतं, लांबलचक. आईने शेजाऱ्याकडून वाचून घेतलं आणि उत्तर धाडलं की बाकी काही समजलं नाही, पण मशीनपासून लांब उभा राहत जा.

कविताच्या लग्नाचं आमंत्रण आम्हा सगळ्यांना होतं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. सेठ, ताई आणि मी स्टेजसमोरच्या रांगेत उभे होतो. नवरी आली, सगळा मंडप तिच्या तोंडाकडे बघत होता. आम्ही तिघं वाकून तिच्या गुडघ्यापाशी आलेल्या ओढणीच्या काठाकडे बघत होतो. सेठ पुटपुटले, "चौथा काँटा देख, चौथा." ताई म्हणाल्या, "ठीक आहे चौथा." मी पाचव्यावर होतो.

पाठीत बोट टोचलं. मागे अम्मां.

"पुट," त्या म्हणाल्या, "दुल्हन ऊपर है."

तेव्हा कुठे आम्ही माना वर केल्या.